एसीपीआय टेबलं हीप उठायच्या आधीच वाचायची असतील तर

मागच्या मे महिन्यात नागपुरात बर्डीवरून एक सेकंडहँड लॅपटॉप उचलला. मशीन बऱ्यापैकी नवीन, फक्त स्क्रीनच्या कोपऱ्यात तडा, म्हणून स्वस्तात भेटला. घेतला तो माझं स्वतःचं छोटंसं कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) खऱ्या हार्डवेअरवर चालवून पाहायला, कारण क्यूएमयूमधे (कॉम्प्युटरची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) सगळं गोडच असते. पेनड्राइव्ह लावला, बूट केलं, "टायमर कॅलिब्रेट करत आहे" ही माझीच ओळ स्क्रीनवर आली आणि मशीन तिथंच बसलं. बाहेर पारा ४५ वर, कूलरमधलं पाणी संपलेलं, आणि मी पाऊण तास त्या एका ओळीकडे पाहून राहिलो.

कारण नंतर सापडलं. माझं कर्नल जुन्या ८२५४ पीआयटी ह्या टायमर चिपचे टिक मोजून त्यावरून लोकल एपीआयसीचा (सीपीयूतला, हार्डवेअरच्या हाका म्हणजे इंटरप्ट झेलणारा भाग) टायमर कॅलिब्रेट करायचं, आणि बऱ्याच नव्या इंटेल चिपसेटवर वीज वाचवायला फर्मवेअर (मशीनमधलं बायोस किंवा यूईएफआय) त्या पीआयटीचं क्लॉकच बंद करून ठेवते. टिकच नाही तर मोजणार काय. लिनक्सवाल्यांनाही हे भोगावं लागलं होतं, २०१९ मधे त्यांनी जिथं गरज नाही तिथं पीआयटी सुरूच करायचा नाही असा कोड टाकला. माझ्या मशीनमधे दुसरं घड्याळ होतंच, एचपीईटी पण होता आणि पीएम टायमर पण, फक्त ते कोणत्या पत्त्यावर राहतात हे एसीपीआयच्या टेबलात (मशीनमधे काय कुठं आहे ते ओएसला सांगायला फर्मवेअरने मेमरीत ठेवलेली माहिती) लिहिलेलं असते आणि माझ्याकडे एसीपीआय उठायचं सगळ्यात शेवटी, हीप (लागेल तशी मेमरी मागायची सोय) आणि शेड्युलर (कोणतं काम कधी चालायचं ते ठरवणारा) झाल्यावर. म्हणजे घड्याळ पायजे तर टेबल, टेबल पायजे तर शेड्युलर, शेड्युलर पायजे तर घड्याळ.

मित्राला फोन लावला, तो ह्या कामात माझ्यापेक्षा जुना आहे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अबे पण नुसतं टेबल वाचायला तुला हीप काऊन लागते?"

उत्तर असं की नाही लागत. आपण एसीपीआय म्हणून एकच मोठ्ठं गाठोडं धरून बसतो, ते आख्खं उचलून वर न्यायला जातो आणि मग मेमरी नाही, लॉक नाही, स्लीप करता येत नाही म्हणून रडतो. तेव्हा आधी ते गाठोडं फोडा.

वाचणं वेगळं, चालवणं वेगळं

एसीपीआय इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी डिसेंबर १९९६ मधे आणलं, २०१३ पासून त्याचं स्पेसिफिकेशन यूईएफआय फोरमकडे आहे. त्यात दोन जातीचा माल आहे. एक म्हणजे साधी टेबलं: एमएडीटी (किती सीपीयू, इंटरप्ट वाटणारा आयओ एपीआयसी कुठं), एचपीईटी (त्याच नावाच्या घड्याळाचा पत्ता), एमसीएफजी (पीसीआय एक्सप्रेसची कॉन्फिग जागा), एसआरएटी (कोणती मेमरी कोणत्या सीपीयूच्या जवळ), एफएडीटी (पीएम टायमरचा पोर्ट, डीएसडीटीचा पत्ता). हे सगळे नुसते बाइट आहेत, स्ट्रक्चर टाकलं की वाचून होते. दुसरा म्हणजे डीएसडीटी आणि एसएसडीटी, यांच्या आत एएमएल नावाचा बाइटकोड असतो आणि तो चालवायला इंटरप्रिटर लागते, त्याला मेमरी लागते, टायमर लागते, कधी कधी थांबायला पण लागते.

लवकर आणायचं ते फक्त पहिलं. दुसऱ्याला हात लावू नका, ते जिथं आहे तिथंच राहू द्या. बॅटरी किती टक्के आहे हे शेड्युलरच्या आधी कळून काही करायचं नाही आहे.

नागपुरात कूलरचं जसं असते ना, मार्चमधेच खस बदलून, मोटर चालवून पाहून ठेवावी लागते, एकदा पारा ४४ च्या वर गेला की कूलरवाला फोन उचलत नाही. पण मार्चमधे कूलर नुसता तयार ठेवायचा असतो, चोवीस तास चालवायचा नसतो. इथं पण तेवढंच.

लिनक्समधे पण बघा, सेटअप आर्क ह्या सुरुवातीच्या फंक्शनच्या आतच टेबलांची यादी तयार होऊन जाते, एमएडीटी पण तिथंच वाचून होते, आणि इंटरप्रिटरचा कारभार बराच नंतर स्टार्ट कर्नल ह्या मुख्य फंक्शनच्या शेवटाकडे आणि त्याच्याही पुढं सुरू होते.

क्रमात नेमकं कुठं बसवायचं

माझा आत्ताचा क्रम असा आहे. सगळ्यात आधी सिरीयल पोर्ट, म्हणजे काही बिघडलं तर निदान ओरडता येते. मग जीडीटी (मेमरी सेगमेंटचं टेबल), मग आयडीटी (फॉल्ट किंवा इंटरप्ट आला की कोणतं फंक्शन चालवायचं त्याचं टेबल), आणि आयडीटीमधे निदान पेज फॉल्ट, जनरल प्रोटेक्शन आणि डबल फॉल्टचे हँडलर जे पत्ता छापून थांबतात. हे जरूरच आहे, कारण यानंतर आपण फर्मवेअरने दिलेल्या पॉइंटरांच्या मागं धावणार आहोत आणि त्यातला एक जरी चुकला आणि आयडीटी नसली तर सरळ ट्रिपल फॉल्ट, मशीन रीबूट, पुन्हा बूट, पुन्हा रीबूट, आणि तुम्हाला वाटते बूटलोडरच खराब आहे. मी एक आख्खा रविवार असा घालवला आहे.

आयडीटीनंतर बूटलोडरने दिलेला मेमरी मॅप वाचायचा, पण फक्त वाचायचा, ॲलोकेटर (मेमरीची पानं वाटणारा) अजून उठवायचा नाही. मग एसीपीआयची टेबलं. मग फिजिकल ॲलोकेटर. मग खरं पेजिंग (व्हर्च्युअल पत्ते फिजिकल मेमरीला जोडणं), हीप, एपीआयसी, टायमर, बाकी सगळं.

टेबलं ॲलोकेटरच्या आधी काऊन, नंतर का नाही? दोन कारणं. एक, एसआरएटीमधली माहिती ॲलोकेटरला पहिल्या पानापासून पायजे असते, नंतर सांगून फायदा नाही. दुसरं कारण जास्त खतरनाक आहे, ते खाली सांगतो.

आरएसडीपी, म्हणजे धाग्याचं टोक

सगळी टेबलं एका साखळीत लटकलेली असतात आणि साखळीचं पहिलं टोक म्हणजे आरएसडीपी. यूईएफआय मशीन असेल तर ते सिस्टम टेबलच्या कॉन्फिगरेशन टेबलात भेटते. तिथं एसीपीआय १.० ची आणि २.० ची अशा दोन नोंदी असू शकतात, २.० ची घ्या. एक्झिट बूट सर्व्हिसेस (फर्मवेअरचा निरोप घेणारं फंक्शन) बोलवायच्या आधीच तो पत्ता कुठंतरी लिहून ठेवा.

जुन्या बायोसवर शोधावं लागते. एक्स्टेंडेड बायोस डेटा एरियाचा पहिला १ केबी, आणि मग ८९६ केबी ते १०२४ केबी हा १२८ केबीचा पट्टा, दर १६ बाइटवर थांबून आठ अक्षरांची सही पाहायची: आर, एस, डी, एक स्पेस, पी, टी, आर आणि शेवटी पुन्हा एक स्पेस. ती शेवटची स्पेस लोक विसरतात. सही भेटली म्हणून नाचायचं नाही, पहिल्या २० बाइटची बेरीज करा, खालचा बाइट शून्य आला तरच खरं. रिव्हिजन २ किंवा वर असेल तर आख्ख्या ३६ बाइटची बेरीज पण शून्य यायला पायजे. बाकीच्या टेबलांचा चेकसम चुकला तर मी वॉर्निंग छापून पुढं जातो, पण आरएसडीपीला माफी नाही, कारण मेमरीत कुठंही पडलेला तोच मजकूर तुम्हाला गंडवू शकते.

बूटलोडर वापरत असाल तर हे शोधकाम बहुतेक तोच करून देते. मल्टीबूट २ ह्या बूटलोडर प्रोटोकॉलमधे टॅग १४ म्हणजे जुना आरएसडीपी, टॅग १५ म्हणजे नवा. इथं एक बारीक गोष्ट, त्या टॅगमधे आरएसडीपीची कॉपी असते, पत्ता नाही, आणि ती कॉपी बूटलोडरच्या माहितीच्या ब्लॉकमधे पडलेली असते जो तुमचा ॲलोकेटर उद्या कोणालाही वाटून टाकेल. म्हणून ३६ बाइट आपल्या स्टॅटिक जागेत उचलून घ्या. लिमाइन बूटलोडरवाल्यांनी प्रोटोकॉलची कोणती बेस रिव्हिजन आहे ते पाहून घ्या, पत्ता फिजिकल येते का व्हर्च्युअल हे त्यावर बदलते.

रिव्हिजन शून्य असेल तर आरएसडीटी (बाकीच्या टेबलांच्या पत्त्यांची यादी), त्यातले पत्ते ३२ बिटचे. २ असेल आणि एक्सएसडीटीचा पत्ता शून्य नसेल तर एक्सएसडीटी, पत्ते ६४ बिटचे. दोन्ही कोड लिहा. क्यूएमयू साध्या बायोसवर रिव्हिजन शून्य देते आणि यूईएफआय फर्मवेअर लावलं की २, म्हणजे एकच पद्धत लिहून दुसरी कधी चाललीच नाही हे तुम्हाला महिनाभर कळणार नाही.

एक्सएसडीटीत अजून एक खोच आहे. हेडर ३६ बाइटचं, त्याच्यामागून लगेच ८ बाइटचे पत्ते सुरू. ३६ ला ८ ने भाग जात नाही. म्हणजे ते पत्ते नीट अलाइन (८ ने भाग जाणाऱ्या जागी) असतीलच असं नाही, आणि त्यावर सरळ ६४ बिटचा पॉइंटर कास्ट करून वाचलं तर एक्स८६ वर चालून जाते पण कंपायलरचा सॅनिटायझर बोंब मारते आणि दुसऱ्या प्रोसेसरवर फुटू पण शकते. मेमकॉपी करून घ्या, दोन ओळींचं काम आहे.

मॅपिंग, इथंच सगळे मरतात

मी पहिल्यांदा टेबलं वर आणली तेव्हा आरएसडीपी मस्त भेटला, चेकसम बरोबर, आरएसडीटीचा पत्ता पण छापला, आणि त्या पत्त्यावर पाय ठेवला की पेज फॉल्ट. गोष्ट साधी आहे. आरएसडीपी १ एमबीच्या खाली होता आणि तो भाग मॅप होता. टेबलं मात्र रॅमच्या टोकाला असतात, क्यूएमयूला १२८ एमबी दिली तर १२८ एमबीला खेटून. माझ्या बूट कोडने मॅप केले होते फक्त पहिले १६ एमबी. आधी जेव्हा एसीपीआय शेवटी चालायचं तेव्हा खरं पेजिंग उठलेलं असायचं म्हणून हे कधी दिसलंच नाही. कोणतीही गोष्ट बूटमधे वर सरकवली की ती गुपचूप ज्याच्या भरवशावर होती ते सगळं उघडं पडते, ते आधी कागदावर लिहून काढा, मी नाही काढलं.

दोन उपाय आहेत. सोपा उपाय, बूटच्या पेज टेबलमधे पहिले ४ जीबी आख्खे मॅप करा २ एमबीच्या पानांनी. एका पेज डिरेक्टरीत ५१२ नोंदी, म्हणजे १ जीबी, अशा चार, वर एक पॉइंटर टेबल आणि एक सगळ्यात वरचं, एकूण सहा पानं, २४ केबी. बीएसएस (कर्नलची शून्याने भरलेली स्टॅटिक जागा) मधे सहज बसते. १ जीबीच्या पानांनी अजून सोपं झालं असतं पण ती सगळ्या सीपीयूंवर नसतात. टेबलं साधारण ४ जीबीच्या खालीच असतात, पण एक्सएसडीटीचा पत्ता ६४ बिटचा आहे, म्हणून पत्ता ४ जीबीच्या वर निघाला तर निदान नीट मेसेज छापून थांबा.

दुसरा उपाय खिडकीचा. व्हर्च्युअल जागेत काही पानं राखून ठेवायची, जे टेबल पायजे ते तेवढ्यापुरतं तिथं मॅप करायचं, वाचायचं, बंद करायचं. लिनक्स एक्स८६ वर हेच करते, ८ खिडक्या, प्रत्येकीत ६४ पानं म्हणजे २५६ केबी. तुमच्या लिनक्स मशीनवर डीमेसेज (कर्नलचा लॉग) पाहिला तर सुरुवातीलाच एक ओळ दिसेल की एसीपीआयचं अर्ली टेबल चेकसम व्हेरिफिकेशन बंद आहे. पुष्कळ लोक ती पाहून घाबरतात. कारण हेच, एवढ्या लवकर मॅप करायची जागा मोजकी असते आणि चेकसम करायचा तर आख्खं टेबल मॅप करावं लागते. डीएसडीटी चांगली मोठी असू शकते.

खिडकीवाला उपाय घेतला तर पानाच्या सीमेकडे लक्ष द्या, टेबल पानाच्या सुरुवातीलाच बसेल असं नाही. समजा टेबल पानाच्या ४०८० व्या बाइटवर सुरू झालं. हेडर ३६ बाइटचं, म्हणजे १६ बाइट ह्या पानात आणि २० पुढच्या पानात. लांबीचं फील्ड चौथ्या बाइटवर असते म्हणून ते बरोबर वाचलं जाते, सही पण बरोबर, आणि तुम्ही खुश होऊन पुढचं नाव वाचायला गेलात की फॉल्ट. पत्ता खाली गोल करा, उरलेला ऑफसेट लांबीत मिळवा, मग पानं मोजा. आणि दोन टप्प्यांत करा: आधी हेडरपुरतं मॅप, त्यातून लांबी, मग तेवढ्या लांबीचं मॅप. लांबी ३६ पेक्षा कमी आली तर ते टेबल सोडून द्या.

टेबलं साध्या रॅमसारखी, राइटबॅक कॅशनेच मॅप करा. एचपीईटी, लोकल एपीआयसी, आयओ एपीआयसी यांची रजिस्टरं मात्र अनकॅश्ड. ही दोन मॅपिंगची फंक्शनं वेगळीच ठेवा, एकाच फंक्शनला फ्लॅग देऊन केलं की कोणीतरी फ्लॅग विसरतेच (कोणीतरी म्हणजे मी).

स्टॅटिक ॲरे, बस एवढंच

हीप नाही, म्हणून एक ॲरे ठेवा, ६४ नोंदींचा ठेवला तरी चालते. नोंदीत चार अक्षरांची सही, फिजिकल पत्ता, लांबी, चेकसम बरोबर का नाही. ॲरे भरला तर ओरडा, गुपचूप सोडून देऊ नका. यातला फिजिकल शब्द महत्त्वाचा आहे. बूटची मॅपिंग नंतर फेकली जाणार आहे, तेव्हा तिथला व्हर्च्युअल पॉइंटर साठवून ठेवला तर नंतर तो हवेत लटकते, आणि अशा पॉइंटरची मजा म्हणजे लगेच फुटत नाही, दोन दिवसांनी फुटते.

टेबल शोधायच्या फंक्शनला सही आणि कितवं हे दोन्ही द्या, कारण एसएसडीटी एकापेक्षा जास्त असतात. आणि सह्या नावासारख्या असतीलच असं नाही. एमएडीटीची सही एपीआयसी अशी आहे आणि एफएडीटीची एफएसीपी. मी एकदा एमएडीटी ह्याच अक्षरांनी शोधत बसलो होतो आणि फर्मवेअरला शिव्या देऊन राहिलो होतो. डीएसडीटी तर ह्या यादीत नसतेच, तिचा पत्ता एफएडीटीच्या पोटात असते.

हे सगळं स्वतः लिहायचं नसेल तर एसीपीआयसीए ह्या तयार लायब्ररीमधे सोय आहे, टेबल इनिशियलाइज करायच्या फंक्शनला स्वतःचा स्टॅटिक ॲरे देता येते आणि हीप उठल्यावर रूट टेबल रीॲलोकेट करायचं वेगळं फंक्शन आहे. यूएसीपीआय ह्या दुसऱ्या लायब्ररीमधे पण अर्ली टेबल ॲक्सेसचं फंक्शन आहे, त्याला तात्पुरता बफर द्यायचा, एक पान दिलं तरी माझं काम झालं. फक्त लक्षात ठेवा की मॅप आणि अनमॅपची तुमची फंक्शनं ते तेव्हाच बोलवते, म्हणजे वरचा मॅपिंगचा कुटाणा काही सुटत नाही.

आता ते खतरनाक कारण

मेमरी मॅपमधे एसीपीआयचे दोन प्रकार असतात. जुन्या ई८२० (बायोसचा मेमरी मॅप) मधे प्रकार ३ म्हणजे रीक्लेमेबल, वाचून झाल्यावर ओएसने वापरली तरी चालते. प्रकार ४ म्हणजे एनव्हीएस, तिला कधीच हात लावायचा नाही, फर्मवेअरची आहे ती. यूईएफआय मधे हेच प्रकार ९ आणि १०.

माझ्या ॲलोकेटरने काय केलं, रीक्लेमेबल दिसली की मोकळी समजून घेतली. जेव्हा टेबलं शेवटी वाचायचो तेव्हाही हा बग होताच, फक्त क्यूएमयूला मेमरी भरपूर दिलेली, ॲलोकेटर खालून वाटायचा, वरच्या टोकापर्यंत कधी पोचायचाच नाही. लॅपटॉपवर एकदा ॲलोकेटर वरून वाटायचा करून पाहिला, आणि चार कोरच्या मशीनवर कर्नल म्हणे एकच सीपीयू आहे. एमएडीटीच्या अर्ध्या भागावर शून्य पसरलेले होते, कोणाच्यातरी नवीन पेज टेबलसाठी ते पान साफ करून दिलं गेलं होतं.

आणि हा फक्त नवशिक्यांचा बग नाही. लिनक्समधे २०२१ साली अगदी ह्याच जातीचा प्रॉब्लेम दुरुस्त करावा लागला. काही मशीनवर टेबलं अशा मेमरीत होती जी राखलेली नव्हती आणि मेमब्लॉक हा बूटच्या वेळचा ॲलोकेटर ती जागा दुसऱ्याला देऊन द्यायचा. उपाय असा केला की टेबलं आधी शोधायची, मेमब्लॉकमधे रिझर्व्ह करायची, मगच पुढचं वाटप.

म्हणून नियम करा: यादी बनली की त्याच वेळी प्रत्येक टेबलाचा पत्ता आणि लांबी राखीव यादीत टाका, मेमरी मॅपने त्या जागेला काहीही नाव दिलेलं असो. आरएसडीटी किंवा एक्सएसडीटी स्वतः, आणि एफएडीटीतून भेटणारी डीएसडीटी पण. रीक्लेमेबल मेमरी परत घ्यायचा मोह आवरा. त्यातून भेटते किती, आणि एएमएल इंटरप्रिटरला ती टेबलं नंतर पण लागतात.

टेबल भेटलं, आता त्यातून काय काढायचं

एमएडीटीत हेडरनंतर ४ बाइट लोकल एपीआयसीचा पत्ता, ४ बाइट फ्लॅग, आणि ४४ व्या बाइटपासून नोंदी. प्रत्येक नोंदीचा पहिला बाइट प्रकार, दुसरा लांबी. प्रकार ० लोकल एपीआयसी, १ आयओ एपीआयसी, २ इंटरप्ट सोर्स ओव्हरराइड, ९ एक्स२एपीआयसी. अनोळखी प्रकार दिसला तर लांबीएवढं पुढं उडी मारा. लांबी २ पेक्षा कमी असेल तर लूप तोडा, नाहीतर शून्य लांबीवर तुमचं कर्नल कायम गोल गोल फिरत राहते आणि त्या टप्प्यावर ते हँग झालं का काम करून राहिलं हे कळायला मार्ग नाही. सीपीयू मोजताना फ्लॅगचा बिट ० पाहा, तो नसेल तर तो सीपीयू चालू नाही, नुसत्या नोंदी मोजल्या तर जेवढे सीपीयू आहेत त्यापेक्षा जास्त निघतात.

ओव्हरराइड मात्र थांबून वाचा. जुना टायमर आयआरक्यू (इंटरप्टची लाइन) ० वर, म्हणून आपण आयओ एपीआयसीच्या पिन ० वर तो उघडतो आणि वाट पाहतो. क्यूएमयूवर आणि पुष्कळ खऱ्या मशीनवर एमएडीटी सांगते की आयआरक्यू ० हा प्रत्यक्षात २ नंबरच्या पिनवर येते. ही १० बाइटची नोंद नाही वाचली तर टिक कधीच येणार नाही आणि तुम्हाला वाटेल टायमर बिघडला. म्हणूनच एमएडीटी इंटरप्ट चालू करायच्या आधी वाचून झालेली पायजे. एमएडीटीच्या फ्लॅगमधला बिट ० चालू असेल तर जुना ८२५९ पीआयसी (इंटरप्टची जुनी चिप) पण मशीनमधे आहे, त्याला मास्क करून टाका.

एचपीईटीच्या टेबलात पत्ता ४४ व्या बाइटवर, ८ बाइटचा. त्या पत्त्यावरच्या पहिल्या रजिस्टरचा वरचा ३२ बिटचा भाग म्हणजे एका टिकचा वेळ, फेम्टोसेकंदात. क्यूएमयूमधे १,००,००,००० येते, म्हणजे १० नॅनोसेकंद. तो शून्य असेल किंवा १०,००,००,००० पेक्षा मोठा असेल तर त्या एचपीईटीवर विश्वास ठेवू नका, स्पेसिफिकेशनची मर्यादाच १०० नॅनोसेकंद आहे.

एचपीईटी नसेल तर पीएम टायमर, माझा आवडता. एफएडीटीच्या ७६ व्या बाइटवर त्याचा आयओ पोर्ट असते, वेग ३५,७९,५४५ हर्ट्झ, सेटिंग काहीच नाही, नुसता पोर्ट वाचायचा. हा काउंटर २४ बिटचा असू शकते (फ्लॅगचा बिट ८ पाहा, चालू असेल तर ३२), २४ असेल तर साधारण ४.७ सेकंदात पुन्हा शून्यावर येते, म्हणून वजाबाकी करून २४ बिटांचा मास्क लावा. मी १० मिलिसेकंद मोजतो, तीन वेळा, आणि मधला आकडा घेतो.

एमसीएफजी पीसीआय स्कॅनच्या आधी लागते, बाकी काही विशेष नाही, ४४ व्या बाइटपासून १६-१६ बाइटच्या नोंदी.

आणि एक गोष्ट ह्या टप्प्यावर चुकूनही करू नका. एफएडीटी हातात आली म्हणून एसएमआय कमांड पोर्टवर एसीपीआय एनेबल लिहून मोकळे होऊ नका. टेबलं वाचणं म्हणजे एसीपीआय मोड चालू करणं नाही. तो मोड चालू झाला की एससीआय म्हणजे एसीपीआयचे इंटरप्ट यायला लागतात आणि ते झेलायला तुमच्याकडे अजून कोणीच नाही आहे. ते काम इंटरप्रिटर उठल्यावर त्याच्याच हातून होऊ द्या.

तपासायचं कसं

आधी क्यूएमयू, पण आळस न करता. मेमरी ६४ एमबी, मग ३ जीबी, मग ६ जीबी. सीपीयू १ आणि ४. बायोस आणि यूईएफआय दोन्ही. एचपीईटी बंद करून. एसीपीआयच पूर्ण बंद करून, तेव्हा कर्नलने शहाण्यासारखं "टेबलं नाहीत" म्हणून जुन्या पद्धतीवर जायला पायजे. नो रीबूट आणि इंटरप्ट लॉगचे पर्याय लावून ठेवा, ट्रिपल फॉल्ट झाला तर मशीन तिथंच थांबते आणि शेवटचा फॉल्ट कोणत्या पत्त्यावर झाला हे लॉगमधे सापडते.

राखीव यादी खरंच काम करते का हे पाहायला मी एक दुष्ट टेस्ट ठेवली आहे. ॲलोकेटर उठला की सगळी मोकळी पानं मागून घ्यायची, प्रत्येकावर कचरा लिहायचा, परत द्यायची, आणि मग सगळ्या टेबलांचे चेकसम पुन्हा काढायचे. पहिल्या वेळी जे होते तेच यायला पायजेत. एक जरी बदलला तर राखीव यादीत भोक आहे. माझ्याकडे पहिल्या रनला डीएसडीटी गेली, तिला यादीत टाकायचं राहूनच गेलं होतं.

मग खरी मशीन. आधी त्याच मशीनवर लिनक्स लाइव्ह चालवा, एसीपीआयडंप ह्या टूलने सगळी टेबलं फाइलमधे काढा, आयएएसएल ह्या एसीपीआय कंपायलरने उघडून पाहा, आणि तुमच्या कर्नलने छापलेली यादी त्याच्याशेजारी ठेवा. सह्या आणि लांब्या जुळायला पायजेत. सीपीयूची संख्या आणि ओव्हरराइड पण जुळवा. पत्ते मात्र लिनक्स ज्या पद्धतीने बूट झालं त्याच पद्धतीने तुमचं कर्नल बूट केलं असेल तरच जुळवायला जा.

माझ्या तडकलेल्या लॅपटॉपवर आता टायमरच्या ओळीनंतर "पीएम टायमरवरून" असं येते, मग चार सीपीयू, मग कर्सर. सिरीयल पोर्ट त्याला नाही, म्हणून सुरुवातीचे मेसेज फ्रेमबफरवर काढावे लागतात आणि ते नेमके तड्याच्या कोपऱ्यात येतात, तेवढी ओळ दोन इंच खाली सरकवायची राहिली आहे.